मदत हवी आहे : वारंवार होणारा खोकला आणि झिंकची कमतरता

नमस्कार. माझी मुलगी अडीच वर्षांची असून, जूनपासून तिला तीनदा खोकला-ताप आला आणि त्यातल्या एका वेळी न्यूमोनियासाठी दवाखान्यात ठेवावे लागले. रात्री तिच्या बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाताना पाहिली, ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तिचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून आणि वरणभात. अंडे ती तोंडातही घेत नाही. धान्य-डाळींतील फायटेट या नैसर्गिक घटकामुळे झिंक (जस्त) शरीरात कमी शोषले जाते, आणि 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 1 ते 4 वर्षांच्या सुमारे 19 टक्के मुलांमध्ये झिंकची कमतरता आढळली होती, हे वाचल्यापासून झिंक कमी पडल्यानेच तिला वारंवार संसर्ग होत असावा, ही माझी शंका बळावली आहे. जुलाब झाले तेव्हा तिला रोज 20 मिलिग्रॅमप्रमाणे 14 दिवस झिंक दिले होते. परंतु तेच औषध मनाने महिनोन्महिने देणे मला योग्य वाटत नाही, कारण जास्त झिंकमुळे तांबे शोषले जाण्यात अडथळा येतो.

संसर्ग चालू असताना रक्तातील झिंक तसेही घटते, मग तपासणी नेमकी केव्हा करावी? फायटेट कमी व्हावे म्हणून मोड आलेली मटकी किंवा आंबवलेले पदार्थ मुलांना कसे खाऊ घातले, हे अनुभवी पालकांनी व बालरोगतज्ज्ञांनी कृपया सविस्तर सांगावे. पुढच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांना दाखवायचे आहे.