'पित्त' म्हणजे नेमकं कुठलं? ॲसिडिटी, गांधी की पित्ताशयातला खडा?

आमच्या घरात आईचं डोकं दुखलं तरी "पित्त झालंय", काकांच्या छातीत जळजळलं तरी "पित्त झालंय", आणि मागे भाचीच्या अंगावर लाल चट्टे उठले तर शेजारच्या काकूंनी नुसतं बघूनच सांगितलं, पित्त उठलंय, आमसूल लावा. आता वहिनीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघालेत तर आईचं म्हणणं, बघ, उपाशीपोटी चहा ढोसून ढोसून पित्ताचे खडे झाले! हे सगळं एकच पित्त आहे का? का शब्द तेवढा एक आणि आजार वेगवेगळे? जाणकारांनी सांगा प्लीज.

----

शब्द एकच, आजार निदान चार. ओपीडीत दिवसातून कितीतरी वेळा ऐकतो हा शब्द, आणि दरवेळी पुढचा प्रश्न ठरलेला, "पित्त म्हणजे काय होतंय नक्की?"

ॲनाटॉमीतलं पित्त म्हणजे यकृतात बनणारा हिरवट-पिवळा, कडू रस. दिवसाला अर्धा ते एक लिटर बनतो. त्यातला थोडा यकृताच्या खाली चिकटलेल्या छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठतो आणि तिथे आटून घट्ट होतो. आपण तेलातुपाचं खाल्लं की ती पिशवी आवळते आणि रस लहान आतड्यात उतरतो, तिथे चरबीचे बारीक बारीक थेंब करायचे एवढं त्याचं मुख्य काम.

काकांना होतं ते हे नाही. जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं हे बहुतेक वेळा जठरातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड, ते जठराच्याच अस्तरात बनतं, यकृताचा त्यात काही हात नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप ढिली पडली की ते वर येतं, म्हणून जेवून लगेच आडवं झालं की त्रास वाढतो. फरक ओळखायचा तर उलटीची चव बघा. आंबट असेल, दात आंबले, तर ॲसिड. आणि पोट रिकामं झाल्यावरही उमासे येत राहिले आणि शेवटी कडूजहर पिवळं पाणी पडलं तर त्यात खरंखुरं पित्त आलं. (तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर मात्र "पित्त पडलं" म्हणून घरी बसायचं नाही, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तडक हॉस्पिटल.)

आता आईंचं डोकं. अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको वाटतो, आवाज नको वाटतो, मळमळतं आणि उलटी झाली की जरा बरं वाटतं असं असेल तर ती मायग्रेन असायची शक्यता फार मोठी. मळमळ आहे म्हणून लोक पित्ताची गोळी घेतात, पण मळमळ हा मायग्रेनचाच भाग असतो, डोकं पोटामुळे चढलेलं नसतं. औषध न घेता हा ॲटॅक ४ ते ७२ तास चालू शकतो. वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाणाऱ्या बायका बघितल्यात, मायग्रेनचं औषध त्यांना कुणी दिलेलंच नसतं, कारण त्यांनी डोकेदुखी म्हणून कधी सांगितलेलीच नसते, "पित्ताचा त्रास" म्हणून सांगितलेली असते!

आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे हार्ट ॲटॅक. हृदयाच्या खालच्या भागाचा ॲटॅक असेल तर कधी कधी छातीत कळ येण्याऐवजी पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, उलटीही होते. डायबेटिस असलेल्यांना कधी कधी दुखतही नाही. तेव्हा दरदरून घाम, दम लागणं, छातीवर दडपण यातलं काही असलं तर सोडा-लिंबू पीत बसू नका, आधी ईसीजी.

----

डॉक्टरांशी सहमत, पण शब्दाची बाजू घेतो जरा. हा लोकांचा अडाणीपणा नाहीये. आयुर्वेदात पित्त हा मुळात एक दोष आहे, नुसता यकृतातला रस नाही, त्याचे पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक असे पाच प्रकार सांगितलेत आणि भ्राजक पित्ताची जागा त्वचा. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात अम्लपित्त वेगळं आणि शीतपित्त वेगळं दिलंय, अम्लपित्त म्हणजे काकांचं, शीतपित्त म्हणजे भाचीचं. आपण बोलताना पुढचे अम्ल आणि शीत गाळून टाकले आणि नुसतं पित्त उरलं, मग गोंधळ होणारच. 'पित्त खवळलं' म्हणजे राग आला, तोही त्यातलाच. आणि गंमत म्हणजे कोलेस्टेरॉल या शब्दातही पित्त आहे, ग्रीकमध्ये खोले म्हणजे पित्त आणि स्टेरिओस म्हणजे घट्ट, कारण तो पदार्थ पहिल्यांदा सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांत.

----

अंगावर असे लाल चट्टे उठले की आमच्याकडे रत्नागिरीत "गांधी उठल्या" म्हणतात. आमसूल पाण्यात कुस्करून अंगाला चोळायचं आणि तेच पाणी थोडं प्यायचं, खाज कमी होते हे खरंय.

----

गांधी हा फार नेमका शब्द आहे, तोच वापरा असं मी तर म्हणेन. त्वचेतल्या पेशींतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि तेवढीच जागा फुगते. लहान मुलांत बऱ्याचदा व्हायरल ताप-सर्दीनंतर, कधी कोळंबी, शेंगदाणे, कधी पेनकिलर किंवा पेनिसिलिनने. एका गांधीभोवती पेनाने रेघ मारून ठेवा, साधारण २४ तासांच्या आत ती विरते आणि दुसरीकडे नवी उठते. तसं झालं तर गांधीच. तीच जागा दोन-तीन दिवस तशीच राहिली, दुखली किंवा जाताना काळसर डाग पडला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आमसुलाला माझी ना नाही, गार लागतं, पण मुख्य औषध म्हणजे सिट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीची जीवघेणी रिॲक्शन, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं आणि लगेच लागतं.

----

खूप धन्यवाद सगळ्यांना! डॉक्टर, वहिनीचं राहिलं. भरपूर पाणी प्यायलं तर खडे पडतील का? शेजारच्यांचा मूतखडा पडला होता तसा.

----

नाही हो ताई, ती वाटच वेगळी. मूतखडा लघवीच्या वाटेने बाहेर पडतो, पित्ताशयातला खडा निसटलाच तर पित्तनलिकेत जाऊन अडकायची भीती, मग कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते आणि ते चांगलंच महागात पडतं. हे खडे बहुतेक कोलेस्टेरॉलचे असतात, चहाने होत नाहीत, आईंना सांगा. खडे आहेत पण त्रास काहीच नाही, सोनोग्राफी दुसऱ्याच कारणाने केली होती, असं असेल तर सहसा नुसतं लक्ष ठेवतात. पण तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जात असेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन. त्यात नुसते खडे काढत नाहीत, अख्खं पित्ताशयच काढतात, पित्त यकृतात बनतच राहतं आणि साठायच्या ऐवजी थेट आतड्यात जातं, त्यामुळे पचन व्यवस्थित चालतं, सुरुवातीला काहींना पातळ शौचाला होते एवढंच. आणि हो, वहिनींचं ऑपरेशन झालंच तर "पित्ताशय गेलं म्हणजे पित्त गेलं" असं समजून रात्री अकराला मिसळ हाणू देऊ नका त्यांना, जळजळ होणार ती जठरातल्या ॲसिडने आणि जठर तर जागेवरच असणार.