मदत हवी आहे : मान एका बाजूला कललेल्या सशाची घरी शुश्रूषा (पुणे)

सर्वांना नमस्कार.

आमच्याकडे बकुळा नावाची एक सशीण आहे. ती लोंबत्या कानांची, म्हणजे लॉप जातीची असून तिचे वजन 1.8 किलो आहे. तिची मान डावीकडे इतकी कलली आहे की डावा डोळा जवळजवळ जमिनीला टेकतो आणि उजवा छताकडे पाहत राहतो. उपचार चालू आहेत, ती थोडेफार खाते आहे आणि आमच्या सध्याच्या डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे. मात्र औषध देऊन झाल्यानंतर उरलेला सगळा दिवस तिला सांभाळायचे कसे, हे दवाखान्यात फारसे कळत नाही. ज्यांनी असा ससा घरी सांभाळला आहे, त्यांच्याकडून ते जाणून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात अचानक झाली. रात्री नेहमीसारखी खेळून झोपलेली बकुळा सकाळी पिंजऱ्यात स्वतःभोवती गडगडा लोळत होती आणि तिच्या डोळ्यांची बुबुळे डावी-उजवीकडे झरझर हलत होती. जवळच्या एका दवाखान्यात हा लकवा असल्याचे सांगून तिला कायमचे झोपवण्याचा सल्ला मिळाला. ते नको असेल तर देऊन पाहा, म्हणून तोंडावाटे द्यायचे अमॉक्सिसिलिन लिहून मिळाले. माझ्या मुलीने ते वेळीच वाचले म्हणून बरे झाले. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन ही औषधे सशाच्या पोटात गेली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा जुलाबाने दगावू शकतो. घरी ससा असलेल्या प्रत्येकाने ही नावे कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवावीत, असे मला मनापासून वाटते, कारण कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सशाची माहिती असतेच असे नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी ससे पुष्कळ पाहिलेले आहेत. त्यांनी सांगितले की मान वाकडी होणे हा स्वतंत्र रोग नसून शरीराचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत कुठेतरी बिघाड झाल्याचे ते लक्षण आहे. सशांमध्ये त्याची दोन कारणे सर्वाधिक आढळतात. एक म्हणजे कानाच्या मधल्या किंवा आतल्या भागात जंतुसंसर्ग होऊन पू साठणे. लोंबत्या कानांच्या सशांना हा त्रास जास्त होतो. दुसरे म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी, जो मेंदू, मूत्रपिंड आणि डोळा यांवर हल्ला करतो. याखेरीज डोक्याला मार, गाठ किंवा विषबाधा हीही कारणे असू शकतात, पण बकुळाच्या बाबतीत त्यांची शक्यता त्यांना कमी वाटते. परजीवीसाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी असते, परंतु वरून धडधाकट दिसणाऱ्या कितीतरी सशांच्या रक्तातही ती प्रतिपिंडे सापडतात. त्यामुळे तपासणीचे उत्तर ‘होय’ आले तरी आजार त्यामुळेच झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून त्यांनी दोन्ही कारणे धरून उपचार सुरू केले आहेत, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

परजीवीसाठी फेनबेंडाझोल किलोमागे 20 मिलिग्रॅम, म्हणजे बकुळाला दिवसातून एकदा 36 मिलिग्रॅम, असे 28 दिवस द्यायचे आहे. कानासाठी एन्रोफ्लॉक्सासिन आणि सूज व वेदना कमी होण्यासाठी मेलॉक्सिकॅम आहे. स्टेरॉइड त्यांनी टाळले आहे, कारण ससा त्याला फार नाजूक असतो. एवढे तपशील देण्याचे कारण हे, की उत्तर देणाऱ्यांना आम्ही कुठवर आलो आहोत ते कळावे. कृपया कोणीही हे मोजमाप पाहून आपल्या सशाला परस्पर औषध सुरू करू नये.

आता मुख्य अडचणीकडे येते, ती म्हणजे खाणे. सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. बारा तास अन्न पोटात गेले नाही तर आतडे थांबू शकते, वायू धरू शकतो आणि मूळ आजाराआधी त्यानेच ससा जाऊ शकतो. बकुळाला भूक आहे. मंडईतून आणलेली मेथीची जुडी सोडली की वासाने तिचे नाक थरथरू लागते. पण पानाच्या दिशेने तोंड नेताना तिचा अंदाज चुकतो, ती डावीकडे कलंडते आणि तशीच आडवी पडून तोंडात आलेला देठ कुरतडत राहते. मी तिच्या डाव्या कुशीला मांडीचा आधार देऊन एकेक देठ तोंडाशी धरते, तेव्हा ती जुडीभर पाला संपवते. कोथिंबीर आणि मुळ्याचा पालाही खाते. सुक्या गवताला मात्र ती अजिबात तोंड लावत नाही, आणि सशाच्या आहाराचा मोठा भाग गवतच असायला हवा, त्याशिवाय दात झिजत नाहीत आणि पोटही चालत नाही. पाकिटातले टिमथी गवत तिला आता टोचत असावे, असा माझा अंदाज आहे. पुण्यात स्वच्छ, औषध न फवारलेली हरळी किंवा ओटचा कोवळा हिरवा चारा नियमितपणे कुठे मिळतो? पूजेच्या दूर्वा विकणाऱ्यांकडून मोठी जुडी घेऊन कोणी सशाला दिली आहे का, आणि ती कशी निवडून, धुऊन घ्यावी? लसूणघास सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम जास्त असल्याने मोठ्या सशाला तो रोज देऊ नये असे डॉक्टरांचे मत आहे.

पोट भरत नाही असे वाटले तर सिरिंजने भरवायला सांगितले आहे. त्यासाठीची क्रिटिकल केअर ही पूड घरी आणून ठेवली आहे. ससा काहीच खात नसेल तर पातळ केलेले हे अन्न किलोमागे दिवसाला साधारण 50 मिलिलिटर, चार-पाच वेळा विभागून द्यावे लागते. सिरिंज समोरून न घालता पुढच्या आणि दाढेच्या दातांमधल्या मोकळ्या जागेतून बाजूने घालायची, आणि मान जशी कललेली असेल तशीच ठेवून भरवायचे, हे मला माहीत आहे. तरीही घास श्वासनलिकेत जाईल या भीतीने माझे हात थरथरतात. कलती मान असलेल्या सशाला तुम्ही कोणत्या स्थितीत धरून भरवलेत, टॉवेलात गुंडाळून की मांडीवर मोकळे ठेवून, ते कृपया सविस्तर लिहा.

लोळण्यावर उपाय म्हणून पिंजऱ्याऐवजी बुटक्या कडांचा एक मोठा खोका केला आहे. खाली व्यायामाची रबरी मॅट, तिच्यावर जुनी सुती गोधडी आणि चारही बाजूंना टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या, अशी रचना आहे. अंग सर्व बाजूंनी टेकलेले असले की ती बरीच शांत असते. गोधडी मात्र लघवीने सतत ओली होते आणि पोटाखालची त्वचा लाल पडू लागली आहे. शिवाय ससे ज्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातात, त्या खायला तिचे तोंड तिथे पोहोचत नाही, त्यामुळे त्या केसांना चिकटून बसतात. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ती जागा पुसून मी लगेच कोरडी करते. अंग कोरडे राहील असे, पाय न घसरणारे दुसरे अंथरूण कोणी वापरले असल्यास सुचवावे.

डाव्या डोळ्याची मला सर्वात जास्त काळजी वाटते. तो गोधडीला घासतो आणि त्यात गवताची कुसळे जातात. डॉक्टरांनी तपासणीच्या रंगाचा थेंब घालून बुबुळावर जखम नसल्याची खात्री करून घेतली आहे आणि डोळा ओला राहावा म्हणून साधे वंगणाचे थेंब दिले आहेत. रात्रभर त्या डोळ्याचे रक्षण कसे करावे? माणसांसाठी मिळणारे रात्रीचे जाडसर मलम सशाला चालते का?

आमच्याकडे तिचा जोडीदार, बंड्या नावाचा नर ससा आहे. परजीवीची बीजे लघवीतून पसरतात, त्यामुळे त्याला वेगळे ठेवावे हे एका बाजूने पटते. दुसऱ्या बाजूने, दोघे इतका काळ एकाच पिंजऱ्यात राहिले आहेत की संसर्ग व्हायचा असता तर तो आधीच झाला असेल, आणि बंड्या शेजारी येऊन बसला की बकुळाचे लोळणे थांबते, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. जोडी फोडल्यामुळे दोघांनी खाणे सोडले, असे कोणाच्या बाबतीत घडले आहे का? घरात सासूबाई आहेत. त्यांना संधिवातासाठी प्रतिकारशक्ती कमी करणारी गोळी चालू आहे. हा परजीवी निरोगी माणसाला सहसा बाधत नाही, परंतु प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांमध्ये संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. म्हणून खोका धुण्याचे आणि गोधड्या उकळत्या पाण्यातून काढण्याचे काम मीच हातमोजे घालून करते, फरशी एकास दहा प्रमाणात पाणी घातलेल्या ब्लीचने पुसून परत साध्या पाण्याने पुसते, आणि सासूबाईंच्या डॉक्टरांनाही कल्पना दिली आहे. सासूबाई लांबूनच तिच्याशी बोलतात, त्यांना तेवढे पुरत नाही हे दिसते.

उन्हाळा तोंडावर आहे. दुपारी पारा चढतो आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की पंखाही बंद होतो. धडधाकट ससा गार फरशीवर जाऊन पसरतो, हिला ते जमत नाही. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली तिच्या पाठीशी ठेवते, पण याहून चांगली सोय असल्यास हवी आहे.

कानाच्या हाडात पू आहे का, हे सीटी स्कॅनमध्ये सर्वात स्पष्ट दिसते. सशाचा असा स्कॅन पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कोणी करून घेतला आहे का? भूल दिल्यानंतर ससा कसा राहिला, हेही कळवावे. एका परिचितांनी मुंबईला परळच्या बैलघोडा रुग्णालयात न्यायला सुचवले आहे. पण इथे कर्वे रस्त्यावरच्या गतिरोधकांवर रिक्षा उसळली तरी ती लोळू लागते, तिथे एवढा प्रवास तिला झेपेल असे मला वाटत नाही.

काही नातेवाईक वारंवार म्हणतात की तिचे हाल करण्यापेक्षा तिला मोकळे करा. ज्या दिवशी ती खाणे सोडेल आणि औषधांनीही वेदना आवरणार नाहीत, त्या दिवशी आम्ही त्याचा विचार करू. मान कायमची थोडी वाकडी राहूनही ससे पळतात, खातात, कित्येक वर्षे जगतात, आणि सुधारणा दिसायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, असे डॉक्टर सांगतात. तिला अजून मेथीचा वास येतो, मी कुलूप उघडले की तिचा वर असलेला कान हलतो. तिला पुरेसा वेळ मिळायलाच हवा.

प्रतिसाद वाचल्यानंतरची भर

इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. दोन-तीन जणांनी मानेला तेलाने मालिश करून ती हळूहळू सरळ करावी किंवा पट्टा बांधावा असे सुचवले आहे. ते मी करणार नाही. मानेचे स्नायू आणि हाडे ठीक आहेत. तिच्या मेंदूला कललेली स्थितीच सरळ वाटते आहे, आणि मान जबरदस्तीने सरळ केली की तिला गरगरून ती जोरात लोळते, हे डॉक्टरांनी तपासताना दाखवले. कानात कोमट तेल घालण्याचा सल्लाही बाजूला ठेवते. आत पू असेल आणि पडदा फाटलेला असेल तर त्याने नुकसानच होईल.

ज्यांनी गरगर कमी होण्यासाठी मेक्लिझीनबद्दल लिहिले, त्यांचा मुद्दा डॉक्टरांना विचारला. त्यांनी वजनानुसार प्रमाण काढून दिले आहे आणि बुबुळांचे हलणे पूर्वीपेक्षा कमी झाले आहे. खोक्यात गोधडीवर लहान मुलांच्या बिछान्यात घालतात तसा लोकरीचा जाड थर टाकण्याची युक्तीही उपयोगी पडली. लघवी खाली झिरपते, वरचा भाग कोरडा राहतो आणि पोटाखालची लाली उतरते आहे. बंड्याला आम्ही तिच्यापासून तोडलेले नाही.

एक प्रश्न मात्र अनुत्तरित आहे. फेनबेंडाझोलमुळे क्वचित अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी कमी होतात, म्हणून मध्येच एकदा रक्त तपासायचे ठरले आहे. ज्यांच्या सशाचे रक्त घेतले गेले, त्यांनी ते कानाच्या शिरेतून घेतले की मागच्या पायातून, ससा त्या वेळी घाबरून निसटू नये म्हणून काय केले आणि नमुना कोणत्या प्रयोगशाळेने स्वीकारला, हे कृपया येत्या आठवड्याच्या आत कळवावे.