मूल हवे की नको, या निर्णयात मानसोपचारतज्ज्ञाचे स्थान कोणते?

रानवाट : ‘गर्भपात किंवा नसबंदीपूर्वी मानसोपचारतज्ज्ञाची लेखी मंजुरी बंधनकारक करावी, म्हणजे पुढचा पश्चात्ताप टळेल,’ असे दीपमाळ यांनी लिहिले आहे. मला हे मुळातच अमान्य आहे. आयर्लंडमध्ये २०१३च्या कायद्यानुसार आत्महत्येचा धोका असलेल्या गर्भवतीला गर्भपातासाठी एक प्रसूतितज्ज्ञ आणि दोन मानसोपचारतज्ज्ञ अशा तिघांची मंजुरी लागत असे. २०१८च्या सार्वमतानंतर तो कायदा रद्द झाला. आधीच खचलेल्या स्त्रीने आपले दुःख पुरेसे गंभीर आहे हे तीन परक्या माणसांना पटवून द्यायचे, यात उपचार कोठे आहे? पश्चात्तापाविषयी म्हणाल, तर अमेरिकेतील ‘टर्नअवे’ या, गर्भपात मिळालेल्या आणि नाकारल्या गेलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात पाच वर्षांच्या पाठपुराव्यात गर्भपात केलेल्या ९५ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी आपला निर्णय योग्यच असल्याचे सांगितले.

दीपमाळ : तो अभ्यास गर्भपाताचा आहे, नसबंदीचा नाही. माझ्या बहिणीने तीव्र नैराश्यात असताना नसबंदी करून घेतली. बरी झाल्यावर तिला मूल हवेसे वाटले. शस्त्रक्रियेपूर्वी तिच्या मनःस्थितीची कोणीही चौकशी केली नव्हती. तिच्या समोर बसून तुमची टक्केवारी वाचून दाखवाल का?

उंबरठा : मंजुरीच्या वादात गोळ्यांचा प्रश्न दोघांच्याही लक्षात आलेला नाही. मला बायपोलर आजार आहे; त्यात कधी टोकाचा उन्माद, तर कधी टोकाचे नैराश्य येते. गर्भ राहिल्याचे कळताच एका डॉक्टरांनी, मानसोपचारतज्ज्ञांना न विचारता, माझे लिथियम, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध, एका दिवसात बंद केले. बाळंतपणानंतर माझे भान इतके सुटले की बाळाला माझ्यापासून दूर ठेवावे लागले. प्रसूतीनंतरची मनोविकृती हजारात एकीदोघींना होते, पण बायपोलर असलेल्या स्त्रियांना तिचा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो.

काठावरचा : म्हणजे गर्भाला विष पाजायचे? या गोळ्यांमुळे जन्मदोष होतात, हे सर्वश्रुत आहे. आईने नऊ महिने सोसावे.

उंबरठा : ‘सोसावे’ हा शब्द माझ्यापुढे पुन्हा वापरू नका. आत्महत्या केलेली आई बाळाच्या कोणत्या उपयोगाची? आणि सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. व्हॅल्प्रोएट हे याच आजारावरचे दुसरे औषध घेणाऱ्या मातांच्या सुमारे दहातील एका बाळात गंभीर जन्मदोष आढळतो, म्हणून मूल होण्याच्या वयात ते शक्यतो टाळतात. लिथियममुळे हृदयदोषाचा धोका वाढतो हे खरे; परंतु तो पूर्वी मानला जात होता त्याहून बराच कमी आहे आणि मात्रेनुसार बदलतो. गर्भारपणात मूत्रपिंडे लिथियम वेगाने बाहेर टाकत असल्यामुळे रक्तातील पातळी वारंवार तपासावी लागते. हे सांगणारा मानसोपचारतज्ज्ञ मला गर्भधारणेपूर्वीच भेटायला हवा होता.

काठावरचा : व्हॅल्प्रोएटविषयी माझी भीती खरीच ठरली. लिथियमचे तुम्ही म्हणता ते तूर्त मान्य करतो.

रानवाट : उंबरठा यांना हवा होता तो सल्ला, परवानगी नव्हे. दीपमाळ, तुमच्या बहिणीलाही तोच मिळायला हवा होता.

दीपमाळ : गर्भपातासाठी मंजुरीचा आग्रह मी सोडतो, कारण तेथे दिवस मोजके असतात आणि विलंबाने हानीच होते. परंतु नसबंदीला अशी घाई नसते. उपचार सुरू असलेल्या व्यक्तीशी त्याआधी एकदा सविस्तर बोलणे अनिवार्य असावे, हे मी सोडणार नाही.

रानवाट : बोलणे अनिवार्य असू द्या. अंतिम सही मात्र तिचीच हवी.