तळ्याजवळ तंबूची जागा

अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी जंगलात, तळ्याजवळ, कसलीही सोय नसलेली मोकळी जागा तंबूसाठी कशी शोधायची, असं एकाने विचारलंय. आधी त्या जंगलाचा मोटर व्हेइकल यूज मॅप घ्या, फुकट मिळतो. गाडी कुठल्या कच्च्या रस्त्यावर नेता येते ते त्यात कळतं. मग उपग्रहचित्रात त्या रस्त्यांना फुटून तळ्याच्या दिशेने मध्येच संपणारे फाटे बघा. तिथे बऱ्याचदा जुनी चूल सापडते, काळे पडलेले दगड आणि भोवती दबून कडक झालेली माती. तीच जागा वापरा, नवं गवत तुडवू नका. पाण्यापासून निदान 200 फूट लांब राहा. काठ फार नाजूक असतो, जनावरंही तिथेच पाण्यावर येतात. आणि निघण्याआधी रेंजर ऑफिसला फोन करून शेकोटीवर बंदी आहे का, एवढं विचाराच.