मदत हवी आहे: वेक लॉस (पुढच्या पवनचक्कीमागे वारा मंदावल्याने होणारी तूट) पावसाळ्यात मॉडेलशी जुळतो, हिवाळ्यात नाही

नाशिकजवळच्या पठारावर दोन मशीन (पवनचक्क्या), पूर्व-पश्चिम ओळीत. रोटरचा व्यास (डी) 120 मी., हबची (रोटरच्या मध्याची) उंची 100 मी., मधलं अंतर 600 मी., म्हणजे 5 डी. पायवेक या वेक मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जेन्सन मॉडेल लावलंय, के (वेक किती झपाट्याने रुंदावतो) = 0.075, सीटी (रोटरवरच्या रेट्याचा गुणांक) 0.8. मागच्या मशीनपाशी वाऱ्याच्या वेगात 18% घट दिसते. जून ते सप्टेंबरच्या पश्चिमी वाऱ्यात स्काडाचे (मशीनच्या नोंदींचे) आकडे याच्याशी बऱ्यापैकी जुळतात. नोव्हेंबर-जानेवारीत वारा पूर्वेचा असला की, त्यातही रात्री, पश्चिमेकडचं मशीन मॉडेलपेक्षा फारच कमी वीज देतं. डाउनटाइम (मशीन बंद), कर्टेलमेंट (मुद्दाम कमी केलेलं उत्पादन) काढून टाकलंय. के किती धरू?

पवनपुत्र: ‘के’ला हात लावण्याआधी दिशा तपासा. नॅसेलचा (रोटरमागच्या वळणाऱ्या पेटीचा) उत्तर-शून्य सरकणं हे नेहमीचं दुखणं. पुढच्या मशीनवर 5 ते 9 मी./से. वेग असलेल्या दहा मिनिटांच्या नोंदीच घ्या. रेटेड वेगाच्या (ज्याला मशीन पूर्ण क्षमतेने चालतं) बऱ्याच वर वेक असूनही वीज घटत नाही. मागच्याची वीज भागिले पुढच्याची, 2-2 अंशांच्या खणांत मांडा. या गुणोत्तरातला खड्डा 90 आणि 270 अंशांवरच पडायला हवा. 82 आणि 262 वर पडला तर सगळ्या दिशांत 8 मिळवा. मागच्या मशीनचा अ‍ॅनिमोमीटर वेकमध्येच बसलेला असतो, त्याचा वेग वापरू नका.

घाटवारा: दिशा बरोबर निघाली तर दोष हवेचा. निरभ्र रात्री जमीन गार पडते, हवा थरांत स्थिर होते, वरची हवा खाली मिसळत नाही आणि वेक लांबवर टिकतो. ढोबळ नियम: के = 0.4 × टर्ब्युलन्स (वाऱ्याच्या वेगातली चढउतार). टर्ब्युलन्स 10% असेल तर के 0.04, घट 28%. वीज वेगाच्या घनात जाते, म्हणून मागचं मशीन 55% ऐवजी 37% वर येतं. तुमची तूट बहुधा इथेच आहे. वर्षभर एकच के नको. पुढच्या मशीनच्या वेगाचं प्रमाण विचलन भागिले सरासरी, म्हणजे टर्ब्युलन्स, काढा, रात्र-दिवस वेगळे करा.

शिवाय जेन्सनचा वेक सपाट, कडेला एकदम तुटणारा. अरुंद खड्डा तपासायला 2014 चं बास्तांखा-पोर्ते-अजेल गॉसियन मॉडेल बरं, पायवेकमध्ये आहेच.

पवनपुत्र: आणखी एक. दोन्ही मशीन मोकळ्या वाऱ्यात असतील अशा दिशांना (उत्तर, दक्षिण) गुणोत्तर 1 येतंय का? कड्याजवळच्या मशीनला वारा मुळातच जास्त मिळत असेल तर तो फरक वेकच्या नावावर चढतो. आलेख इथे टाका.