नागपूरहून बंगळूरला बिऱ्हाड हलवायचंय, हाताशी किती पैसे ठेवू?

संत्रानगरी_वाली

नमस्कार मंडळी. मिस्टरांची बदली झाली बंगळूरला, मे च्या दुसऱ्या आठवड्यात निघू म्हणतोय. सध्या मनीष नगरात २ बीएचके भाड्याने आहे, तिकडे ऑफिस बेलंदूरला म्हणून घरही त्याच बाजूला पाहून राहिलो. लेक चौथीत जाईल, सीबीएसई.

कंपनी शिफ्टिंगचे ७५ हजार देते. मिस्टरांच्या मते त्यात सगळं आरामात होऊन जाते, मला काही ते पटत नाही. पॅकर्सवाल्यांची चार कोटेशन आली तर २८ हजारापासून ६२ हजारापर्यंत, सामान तेच, घर तेच, मग एवढा फरक काऊन? सामान म्हणाल तर डबल डोअर फ्रिज, फ्रंट लोड मशीन, लोखंडी कपाट, सासऱ्यांनी करून घेतलेला सागवानी दिवाण, एक एसी, दोन कूलर, पुस्तकांची सहा-सात खोकी होतील आणि वर्षाचं साठवण (गहू, तूरडाळ, कुरडया, लोणच्याच्या बरण्या, सासूबाई म्हणतात सगळं न्या). शिवाय २०१७ ची स्विफ्ट आणि एक अ‍ॅक्टिव्हा, दोन्ही एमएच ३१. गाड्या न्यायच्या का विकायच्या? ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा खरे आकडे सांगा, गोल गोल नको.

बेलंदूरचा_वैदर्भी

ताई तुमचं बरोबर आहे, भाऊंना सांगा ट्रकचं भाडं हा यातला छोटा आकडा आहे. इकडे डिपॉझिट ऐकून नागपूरच्या माणसाला घाम फुटतो. पूर्वी सर्रास दहा महिन्यांचं भाडं मागायचे, आता पाच-सहावर आलंय, तेही घासाघीस करून. बेलंदूर-मराठाहळ्ळी पट्ट्यात बऱ्यापैकी सोसायटीतलं २ बीएचके ३८ हजाराचं धरा, मेंटेनन्स बऱ्याचदा वेगळा. पाच महिन्यांचं डिपॉझिट १ लाख ९० हजार, पहिलं भाडं ३८, ब्रोकर असेल तर त्याचे एका भाड्याइतके अजून ३८, म्हणजे कुलूप उघडायच्या आधी २ लाख ६६ हजार गेले. त्यात ट्रकचे ४५ टाका, प्रवास आणि सुरुवातीचे चार दिवस बाहेरचं खाणं-राहणं २० धरा, पडदे गीझर इलेक्ट्रिशियन वगैरे किडूकमिडूक १५-२०. शाळेची अ‍ॅडमिशन सोडून साडेतीन लाख हाताशी पाहिजेत. यातले डिपॉझिटचे परत मिळतात हे खरं पण ते घर सोडताना, आणि तेव्हा पेंटिंगच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापायची इथे रीतच आहे. किती कापणार ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये आकड्यात लिहून घ्या. मनीष नगरच्या मालकाकडचं तुमचं डिपॉझिट पण घर रिकामं केल्यावरच हातात येणार, म्हणून ते या हिशोबात धरूच नका.

अजून एक, अ‍ॅग्रीमेंट. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करावंच लागतं, इथे बहुतेक जण ११ महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करून देतात. एचआरए किंवा गॅस कनेक्शनला तेच लागतं, तेव्हा नावं आणि पत्ता नीट बघून घ्या. आणि घर बघताना हॉल किती मोठा हे नंतर विचारा, आधी पाणी नळाने येणारं कावेरीचं आहे का टँकरचं ते विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात इकडच्या सोसायट्यांमध्ये पाण्याने जे हाल झाले ते आम्ही पाहिलेत. टँकरवर असाल तर दर महिन्याचं बजेट वेगळं.

घर बघायला एकट्या भाऊंनी आधी यावं. फोटोवर फायनल करू नका प्लीज.

मालधक्का

माझा मोठा भाऊ ट्रान्सपोर्ट लाईनमध्ये आहे म्हणून कोटेशनबद्दल बोलतो. २८ वाला शंभर टक्के पार्ट लोड सांगून राहिला, म्हणजे तुमचं सामान गोडाऊनला पडणार, अजून दोन घरांचं जमलं की मोठ्या गाडीत जाणार, हैदराबादला कदाचित उतरवून परत चढवणार. तीन दिवस पण लागतात, दहा पण लागतात. ६२ वाला पूर्ण गाडी देतो, १४ फुटी किंवा १७ फुटी, तुमच्या दाराशी भरली ती तिकडच्या दाराशीच उघडणार. दोन्ही बरोबर आहेत, फक्त तुम्ही कशाचे पैसे देताय हे माहीत पाहिजे. चौघांनाही एकच प्रश्न विचारा, गाडी माझी एकटीची आहे का, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

फोनवर सामान ऐकून दिलेला रेट हा रेट नसतो. माणूस घरी येऊन बेडचे ड्रॉवर, माळा, बाल्कनी सगळं बघून यादी करतो त्याचंच कोटेशन धरा. नाहीतर गाडी भरून झाली की 'मॅडम सामान जास्त निघालं, वीस हजार अजून लागतील' हे ठरलेलं असतं आणि तेव्हा तुमचं घर त्यांच्या गाडीत असतं, काय भांडणार. मोठ्या नावांशी मिळतीजुळती नावं लावून बसलेले पण खूप आहेत, जीएसटी नंबर सरकारी साईटवर टाकून नाव-पत्ता जुळतो का बघा. अ‍ॅडव्हान्स थोडा, बाकी माल उतरल्यावर. बिल्टी (माल गाडीत चढवल्याची पावती) घ्याच, गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर सकट. आणि कोणी ई-वे बिलाचे (माल वाहतुकीच्या जीएसटीच्या कागदाचे) वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, घरातल्या वापरलेल्या सामानाला ते लागतच नाही.

इन्शुरन्समध्ये पण गंमत आहे. काही जण 'रिस्क कव्हर' म्हणून सामानाच्या किमतीच्या दीड-तीन टक्के घेतात आणि तो विमा नसतोच, त्यांच्याच लेटरहेडवरचा कागद असतो. विमा कंपनीची पॉलिसी तुमच्या नावाने येते का विचारा. गाडी भरताना प्रत्येक वस्तूचा व्हिडीओ काढा, टीव्ही चालू करून काढा.

शेवटचं, जे सगळे विसरतात. बंगळूर शहरात मोठ्या गाड्यांना दिवसा ठरावीक वेळेत एंट्री नाही, आणि बऱ्याच सोसायट्या रविवारी शिफ्टिंग करू देत नाहीत, इतर दिवशी पण दहा ते पाच वगैरे, मूव्ह-इन चार्ज वेगळा. गाडी बाहेर थांबली आणि छोट्या गाडीत माल हलवावा लागला तर ते पैसे कोण देणार? हे कोटेशनमध्ये आलं पाहिजे. कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, हे पण.

कागदपत्र_मावशी

गाड्यांचं मी सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ म्हणतं की दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी नागपूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), फॉर्म २८. लोन असेल तर बँकेची एनओसी त्याच्या आधी. मग कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स गाडीच्या वयानुसार भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. भरायचे आत्ता आणि परतावा येईल तेव्हा येईल, म्हणून बजेटमध्ये फक्त भरायचे धरा. दोन वर्षांत परत यायची शक्यता असेल तर बीएच सिरीज (सगळ्या राज्यांत चालणारा नंबर) बघा, २०२१ ला सुरू झाली, आणि २०२२ अखेरच्या दुरुस्तीनंतर जुन्या गाडीलाही घेता येते. पण खाजगी कंपनी असेल तर तिची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत पाहिजेत आणि कंपनीचं सर्टिफिकेट लागतं. २०१७ च्या गाडीसाठी एवढा खटाटोप करायचा का हे तुम्ही ठरवा. अ‍ॅक्टिव्हा मात्र नागपुरातच विका, तिच्यामागे एवढी पायपीट नको.

गॅस सिलिंडर ट्रकमध्ये कोणी घेणार नाही, घेत असेल तर तो पॅकर्सवाला बदला. एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करायचं, डिपॉझिट परत मिळतं आणि एक टीव्ही मिळतो, टर्मिनेशन व्हाउचर, तो जपा. तो दाखवून तिकडे कनेक्शन. मधल्या दिवसांना इंडक्शन सोबत ठेवा, ट्रकमध्ये नाही, स्वतःच्या हाताशी.

शाळेचं, दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते का ते तिकडच्या शाळेला आधी विचारा, दुसऱ्या राज्यात जाताना बऱ्याच शाळा मागतात आणि मे महिन्यात ऑफिसात कोणी सापडत नाही. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांना कन्नड शिकवावं लागतं, चौथीत नव्याने येणाऱ्या मुलीला कुठून सुरू करतात ते पण विचारून ठेवा. आणि आपल्या विदर्भासारखी जून अखेरपर्यंत सुट्टी तिकडे नसते हो, मे संपता संपता शाळा सुरू होतात बऱ्याच.

अर्धं_सामान

सगळे खर्च सांगून राहिले, कमी काय करायचं ते कोणी सांगत नाही. दोन कूलर?? बंगळूरला?? बाप्पा. ते शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे, मे मध्ये रात्री पंखा हळू करावा लागतो. कूलर आत्ता एप्रिलमध्येच विका, नागपुरात आत्ताच भाव मिळेल, जूनमध्ये कोणी फुकट नेणार नाही. एसी पण विका, काढायचे लावायचे पैसे आणि गॅस भरायचा खर्च धरला तर परवडत नाही. लोखंडी कपाट पण. कोटेशन त्यानंतर मागवा, १७ फुटीची १४ फुटी होईल.

साठवणातले गहू-डाळ ठीक, पण लोणचं आणि तेल पॅकर्सवाले घेत नाहीत आणि घेतलं तरी मे च्या उन्हात आदिलाबाद-हैदराबाद रस्त्यावर बंद गाडीत बरणीचं काय होते ते पुस्तकांना विचारा. पुस्तकं पोस्टाने पण जातात.

बेलंदूरचा_वैदर्भी

@अर्धं_सामान कूलर-एसीशी सहमत पण फ्रिज-मशीन-पलंग विकायला सांगू नका कोणाला. इथे नवीन घ्यायला ८०-९० हजार सहज जातात आणि विकताना त्याचे २० येतात. सागवानी दिवाण तर न्याच. फ्रंट लोडच्या ड्रमचे ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा ताई, ते न लावता मशीन पाठवलं तर ड्रम हलतो. फ्रिज एक दिवस आधी बंद करून कोरडा करायचा.

आणि ७५ हजार कसे मिळणार ते एचआरला विचारलं का? तीच कंपनी, बदली, आणि खऱ्या बिलांवर रिइम्बर्समेंट असेल तर सहसा टॅक्स लागत नाही, पगारात नुसता अलाउन्स म्हणून टाकला तर कापून येईल. बिल जीएसटीचं पक्कं पाहिजे, कच्च्या पावतीवाला २८ हजाराचा माणूस तिथेच बाद होतो. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत घेतात का हे पण पत्रात बघा.

संत्रानगरी_वाली

सगळ्यांचे खूप आभार, मिस्टरांना पूर्ण धागा वाचायला लावला, ते डिपॉझिटच्या आकड्यावर थोडा वेळ गप्पच होते. आता ठरलं ते असं: कूलर, एसी, कपाट, अ‍ॅक्टिव्हा इथेच विकणार, कूलरला तर समोरच्या फ्लॅटवाल्यांनी आजच विचारलं. पूर्ण गाडी घेणार, घरी येऊन यादी करणाऱ्यालाच. मिस्टर पुढच्या आठवड्यात संघमित्रा एक्सप्रेसने जाऊन घर बघतील. लोणचं सासूबाई कुरिअरने पाठवू म्हणतात, त्यावर मी काही बोलत नाहीये.

स्विफ्ट मात्र स्वतः चालवत न्यावी म्हणतात. लेकीला घेऊन जमेल का? का ट्रेलरवर पाठवू?

मालधक्का

जमते. सगळा एनएच ४४ आहे, नागपूर ते हैदराबाद साधारण ५०० किमी आणि पुढे कर्नूल-अनंतपूरवरून बंगळूर साडेपाचशे-पावणेसहाशे, रस्ता चांगला. हैदराबादला मुक्काम करा, एका दिवसात ताणू नका. पहाटे चारला निघा म्हणजे आदिलाबादचं ऊन लागायच्या आत निर्मलपर्यंत पोचाल. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, वार्षिक पास एका फेरीसाठी घेऊ नका. टायर आणि कूलंट आधी दाखवा. ट्रेलरवाला पण घरापर्यंत येत नाही, शहराबाहेरच्या यार्डातून गाडी आणायला जावं लागते, ते वेगळं.

फक्त ट्रक निघाल्यावर लगेच निघू नका. ट्रक तुमच्या आधी पोचला आणि सोसायटीत चावी घ्यायला कोणी नसलं तर वेटिंग चार्ज लावतात, आणि तुम्ही आधी पोचला तर सतरंजीवर झोपायची तयारी ठेवा. ड्रायव्हरशी रोज सकाळी एक फोन करा.

संत्रानगरी_वाली

सतरंजी आणि इंडक्शन डिकीत टाकते मग. अजून एक, मनीष नगरचं लाईट बिल मालकाच्या नावावर आहे, शेवटचं बिल कसं करतात? मीटरचा फोटो काढून रक्कम ठरवायची का?

कागदपत्र_मावशी

हो, चावी देताना मालकासमोर रीडिंगचा फोटो काढा, शेवटच्या बिलाचा अंदाज करून तेवढे पैसे त्याच दिवशी द्या आणि डिपॉझिट किती तारखेला येणार ते मेसेजवर लिहून घ्या. एसी काढला की भिंतीचं भोक पण बुजवून द्या, नाहीतर तेवढ्यावरून दोन हजार कापतील.