मदत हवी आहे: आवाज नसलेला कीबोर्ड कोणत्या एचएस कोडमध्ये (कस्टम्ससाठी मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक)?

नमस्कार मंडळी, माझं ठाण्यात वाद्यांचं छोटं दुकान आहे. पहिल्यांदाच स्वतः आयात करतोय: ४० मिडी कीबोर्ड (पट्टी दाबली की कॉम्प्युटरला सुरांच्या सूचना पाठवणारे), समुद्रमार्गे न्हावा शेवाला.

अडचण अशी की या कीबोर्डला स्वतःचा आवाजच नाही. २५ पट्ट्या, चार नॉब, मागे एक यूएसबीचं भोक, बस. लॅपटॉपला जोडला नाही तर नुसता खटखट वाजतो. (माझी मुलगी त्याला 'मुका पियानो' म्हणते.)

पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर ९२०७ १० आहे, म्हणजे विजेवर आवाज निर्माण करणारी कीबोर्ड वाद्यं. सिंथेसायझरला ते चपखल बसतं, पण इथे आवाज निर्माण कुठे होतोय? आमचा कस्टम्स एजंट म्हणतो, ८४७१ टाका, कॉम्प्युटरचं इनपुट उपकरण. मला स्वतःला ९२०९ ९४, म्हणजे ९२०७ मधल्या वाद्यांचे सुटे भाग आणि ॲक्सेसरीज, जास्त पटतंय. ॲम्प्लिफायर कस्टम्स टॅरिफच्या ८५ व्या प्रकरणात (विजेची उपकरणं) जातात एवढं ९२ व्या, म्हणजे वाद्यांच्या, प्रकरणाच्या टिपांमध्ये स्पष्ट आहे, पण माझ्या मालाचं काय?

असा माल कोणी सोडवलाय का? बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदात) वर्णन नेमकं काय लिहिलंत? आणि एवढ्याशा मालासाठी मुंबईत ॲडव्हान्स रुलिंगचा (वर्गीकरणावर आधीच अधिकृत निर्णय मिळवण्याचा) अर्ज करणं परवडतं का?